पण जागेचं काय?

आमची गाडी अकरा वर्षं उत्तम चालू स्थितीत उभी होती. वाक्यात चूक नाही. पुन्हा वाचलंत तरी ते असंच निघेल. इंजिन ठणठणीत, ब्रेक करकरीत, चारही चाकांत हवा. दर रविवारी सकाळी मी तिच्यात बसून दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचो, हॉर्न एकदा वाजवून बघायचो, आरशात भांग नीट करायचो आणि किल्ली काढून खाली उतरायचो. अकरा वर्षांत ती एकूण एकतीस किलोमीटर चालली. त्यातले एकोणतीस शोरूमपासून घरापर्यंतचे. उरलेले दोन कसे झाले, ते मला आजही सांगता येत नाही. रस्त्याला थोडा उतार आहे, त्याचा परिणाम असावा.

कारण एकच. जागा.

गाडी घेऊन मी पहिल्यांदा आमच्या गल्लीत शिरलो, त्याच मिनिटाला आमच्या दारासमोरचं एक बिऱ्हाड गाव सोडून, सामानासकट आणि गाडीसकट चाललं होतं. ते निघाले, मी शिरलो. अशी जागा माणसाला जन्मात एकदा मिळते. डावीकडे भिंत, म्हणजे ओरखडे काढायला लोकांना एकच बाजू उरते. सकाळी इमारतीची सावली, दुपारनंतर झाडाची. आणि झाड असं, की त्यावर पक्षी बसत नाहीत. का बसत नाहीत, याचा मी अभ्यास केला आहे, पण तो विषय मोठा आहे.

आमच्या गल्लीत ज्यानं गाडी हलवली त्याची जागा गेली, हा नियम कुणी लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच तो पाळला जात होता. तिसऱ्या इमारतीतल्या प्राध्यापकांनी एकदा मुलीला स्टेशनवर सोडायला म्हणून गाडी काढली. वीस मिनिटांत परत आले, तेव्हापासून ते बाजारामागे गाडी लावतात. त्यांचा चेहरा अजून पूर्ववत झालेला नाही. तेव्हा गल्लीत पंधरा गाड्या आणि पंधरा कुटुंबं पायी चालणारी, असा देखावा होता. चालून चालून लोकांच्या तब्येती इतक्या सुधारल्या, की कोपऱ्यावरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी दवाखाना बंद करून तिथे चपलांचं दुकान काढलं. ते जोरात चालतं.

तळमजल्यावर आमचे शेजारी विमावाले राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी विमे उतरवले. माणूस समोर आला, की त्यांना आधी त्याचा अपघात दिसतो आणि मग तो माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "साहेब, ही जागा सोडू नका. माणूस मिळालेल्या दहा गोष्टी विसरतो, गेलेली एक विसरत नाही. मी यावरच संसार केला."

आणि कचराकुंडीशेजारी, भर उन्हात, दातवाल्या डॉक्टरांची गाडी. दवाखान्यात जाताना ते रोज मला विचारत, "काय, कुठे निघालात वाटतं?" विचारण्यात काही वावगं नव्हतं. पण विचारताना ते माझ्या गाडीकडे ज्या नजरेनं बघत, ती नजर मी त्यांच्या खुर्चीत आ वासून बसलेला असताना पाहिली आहे. हलणाऱ्या दाताकडे ते तसंच बघतात.

आता आमच्या हिच्याबद्दल. हिची थोरली बहीण, आमच्या घरात सगळे तिला ताईच म्हणतात, टेकडीपलीकडच्या गावात एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांमुळे तिला प्रवास होत नाही. हिच्या पाठीमुळे हिला बस सोसत नाही, कारण दोन ठिकाणी बस बदलून चार तास, आणि शेवटची बस टेकडीच्या पायथ्याशी सोडून देते. बहिणी सहा वर्षं भेटल्या नव्हत्या. फोन होता. पण गेल्या वर्षापासून ताईंना ऐकू येणं कमी होत चाललं, आणि फोनवर दोघींची तासाभराची बोलणी पाच मिनिटांवर आली. शेवटी शेवटी ही नुसती म्हणायची, "ताई, ठेवते हं," आणि फोनकडे बघत बसायची.

दर दोन-तीन महिन्यांनी विषय निघे.

"अहो, गाडी आहे ना आपल्याकडे. जाऊन येऊ या एकदा ताईकडे."

"जाऊ की. पण जागेचं काय?"

मग ही गप्प. मला वाटायचं, पटलं. नवऱ्यांना असं बरंच काही वाटत असतं.

एका मंगळवारी सकाळी गाडीच्या काचेवर नगरपालिकेची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. 'सदर वाहन दीर्घकाळ एकाच जागी उभे असल्याने बेवारस असल्याचे दिसून येते. पंधरा दिवसांत हलवावे, अन्यथा उचलून नेण्यात येईल.' जिला मी अकरा वर्षं रोज फडक्यानं पुसली, इतकी पुसली की बॉनेटचा रंग उडून आत माझं तोंड दिसायला लागलं, ती गाडी बेवारस? मी चिठ्ठी घेऊन तसाच नगरपालिकेत गेलो.

तिथे खिडकी क्रमांक चारला एक बाई होत्या. चिठ्ठी वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वाहन हलतं का?"

"हलतं."

"मग हलवा."

"हलवलं तर जागा जाते."

"म्हणजे हलत नाही असं लिहू?"

"नाही, नाही. हलतं. पण हलवत नाही."

बाईंनी समोरचा फॉर्म खालपासून वरपर्यंत पाहिला. "असा रकाना नाहीये," त्या म्हणाल्या. "एक करा. वाहन चालू असल्याचे दोन फोटो आणा. वेगवेगळ्या ठिकाणचे. मागची पार्श्वभूमी वेगळी दिसली पाहिजे."

परत येताना माझं डोकं एकदम हलकं झालं. पार्श्वभूमी वेगळी पाहिजे, असं बाई म्हणाल्या होत्या. गाडी हलली पाहिजे असं नाही. मी विमावाल्यांना गाठलं. त्यांच्याकडे डोंगरांचं चित्र छापलेली एक मोठी चादर होती. आम्ही ती गाडीमागे ताणून धरली, म्हणजे विमावाल्यांनी धरली आणि मी फोटो काढला. डोंगर झकास आला. दातवाले डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही, आणि तेच मला लागलं.

गुरुवारी खिडकी क्रमांक चारच्या बाईंनी फोटो नाकाजवळ धरला.

"डोंगराला शिवण आहे," त्या म्हणाल्या.

"तो कडा आहे."

"आणि या कड्यावर चार बोटं दिसतायत."

"गिर्यारोहक असेल."

बाईंनी फोटो परत दिला. हसल्या नाहीत. सरकारी माणूस हसला नाही, की अपमान दुप्पट होतो.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसलो. गाडी हलवली तर जागा जाते. नाही हलवली तर गाडीच जाते, आणि गाडीबरोबर जागाही. विमावाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," पण इथे हातचं कुठलं आणि पळतं कुठलं, हे त्यांनाही सांगता येईना.

तेवढ्यात हिनं स्वयंपाकघरातून येऊन माझ्यासमोर एक छोटं कार्ड ठेवलं. त्यावर हिचा फोटो होता. वाहन चालवण्याचा परवाना. नवा कोरा.

"हे कुणाचं?"

"फोटो ओळखू येत नाही का?"

"तू? गाडी? कधी?"

"गेले तीन महिने मी सोमवार-बुधवार-शुक्रवार वाचनालयात जात होते ना, तेव्हा."

मला आठवलं. तीन महिने ही वाचनालयात जात होती आणि एकदाही पुस्तक घेऊन आली नव्हती. गाडीवर धुळीचा एक कण दिसला तर मला झोप येत नसे, आणि हे मला दिसलं नव्हतं.

"मास्तर म्हणाले, या वयात अशी शिकणारी पाहिली नाही," ही म्हणाली. "पहिल्यांदा परीक्षेत नापास झाले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पास. उद्या सकाळी मी ताईकडे जाते. तुमचे फोटोही होतील. तिथले डोंगर खरे आहेत."

विमावाले उठून उभे राहिले. "वहिनी, अहो त्रेसष्ट वर्षांच्या तुम्ही. टेकडीचा रस्ता. वळणं किती आहेत ठाऊक आहे का?"

"एकोणीस. मोजलीत मी नकाशावर."

मी शेवटचं अस्त्र काढलं. "अगं, पण जागेचं काय?"

ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. आवाज अजिबात चढवला नाही. "हे बघा, घाबरट आपण दोघंही आहोत. तुम्हाला जागा जाईल याची भीती. मला, ताईला माझा आवाज ऐकू येणं बंद होईल याची. तुमची भीती अकरा वर्षं सांभाळली ना? आता एक दिवस माझी सांभाळू द्या."

यावर मी एक तोडगा काढला. आज तो लिहितानाही माझे कान गरम होतात. मी म्हणालो, "तू जा. मी इथे जागा धरून बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ही स्टिअरिंगवर बसली. हिचे हात थरथरत होते. मी स्वतः पाहिलं. शूर माणसाचे हात थरथरत नाहीत, असं मी तोवर समजत होतो. नंतर विचार करता वाटलं, की माझे हात अकरा वर्षांत एकदाही थरथरले नाहीत ते किल्ली फिरवून मी पुढे काहीच करत नव्हतो म्हणून. हिनं आरसा नीट केला, मागे पाहिलं, आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून गाडी अशी बाहेर काढली, की गल्लीतल्या चौदा खिडक्यांतून चौदा माथी बाहेर आली. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. खाली उरला अकरा वर्षांपूर्वीचा काळाभोर डांबरी रस्ता, लख्ख, आणि त्यावर एक चेंडू, कपड्यांचे दोन चिमटे आणि विमावाल्यांची नऊ वर्षांपूर्वी हरवलेली एक चप्पल.

मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून मधोमध टाकली आणि बसलो.

मिनिटाच्या आत दातवाले डॉक्टर गाडी घेऊन माझ्या गुडघ्यांसमोर आले. म्हणजे कचराकुंडीजवळची आपली जागा सोडून आले होते. सोडताक्षणी तिथे भाजीवाल्यानं हातगाडी लावली. पण डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. ज्याची जागा कचराकुंडीशेजारी, त्याला शूर व्हायला कमी कष्ट पडतात.

"कधीपर्यंत बसणार?" त्यांनी काच खाली करून विचारलं.

"संध्याकाळपर्यंत."

"थांबतो," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

रस्त्यात मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, याचा अनुभव ज्यांनी घेतलेला नाही त्यांनी घेऊ नये. एका बाईंनी विचारलं, "इथे कसली रांग आहे?" मी उत्तर देण्याआधीच त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या. त्यांना पाहून आणखी दोघं आले. अकरा वाजेपर्यंत माझ्यामागे नऊ माणसं होती आणि शेवटच्याला पुढच्यानं ढकलू नका म्हणून सांगितलं. त्यांना परत पाठवता पाठवता माझा घसा बसला.

साडेअकराला फोन आला. आवाज हिचा, पण असा, की मला आमच्या लग्नाआधीची आठवण झाली.

"पोचले. वाटेत गाडी तीनदा बंद पडली. एकदा रस्ता चुकले. एका ट्रकवाल्यानं शिवी दिली."

"मग?"

"मग काय, मीही दिली. आणि ऐका, ताई दारात उभी राहून दहा मिनिटं नुसती गाडीलाच हात लावून बघत होती. मी चार दिवस राहते. चालेल ना?"

समोर डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होते. चार दिवस. "चालेल," मी म्हणालो.

दुपारी विमावाल्यांनी मला जेवणासाठी अर्धा तास सुटी दिली आणि स्वतः खुर्चीवर बसले. बसण्यापूर्वी त्यांनी खुर्चीचे चारही पाय हलवून पाहिले. मी परत आलो तेव्हा नगरपालिकेचा निरीक्षक हातात कागद घेऊन उभा होता. "इथलं वाहन?" त्यानं विचारलं. "हललं," मी अभिमानानं म्हणालो. त्यानं कागदावर खूण केली. मग खुर्चीकडे पाहिलं, मी तिच्यावर बसल्यावर पुन्हा पाहिलं, आणि खिशातून दुसरी चिठ्ठी काढून खुर्चीच्या पाठीला चिकटवली. सदर वस्तू बेवारस असल्याचे दिसून येते.

"अहो, मी बसलोय ना हिच्यावर."

"ते मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत हलवा."

दुसऱ्या दिवशीही मी बसलो. डॉक्टरही आले. दाढ दुखणारे रोगी आता गाडीशीच येऊन त्यांना तोंड उघडून दाखवत होते, आणि ते काचेतून डोकं बाहेर काढून, टॉर्च मारून, गोळ्या लिहून देत होते. दुपारी पुन्हा फोन आला.

"काल आम्ही तळ्यावर गेलो होतो," ही म्हणाली. "गाडीत काचा बंद केल्या ना, की ताईला सगळं ऐकू येतं. उजव्या कानाशी बोलायचं, बस. सहा वर्षांचं बोललो. ती मला लहानपणी गावातल्या विहिरीत ढकलणार होती, हे तिनं काल कबूल केलं. आज पलीकडच्या डोंगरावर नेते तिला." मग म्हणाली, "तुम्ही जेवलात का? की खुर्चीवरच?"

"खुर्चीवरच."

"बरं," ही म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये राग असता तर मी परतफेड केली असती. राग नव्हता. घाईत असलेल्या माणसाचं 'बरं' होतं ते. तिकडे माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

विमावाले शेजारी स्टुलावर बसले होते. मी त्यांना म्हटलं, "एक विचारू? ही एवढी वळणं पार करून गेली. काहीही होऊ शकलं असतं. तुमच्या हिशेबानं हे शहाणपणाचं होतं का?"

त्यांनी त्या नऊ वर्षांपूर्वीच्या चपलेकडे पाहिलं; ती त्यांनी पायात घातली होती, दुसऱ्या पायात वेगळी. "साहेब," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं मी लोकांना काय काय जाईल ते सांगत आलो. काय राहून जाईल, याची पॉलिसी आमच्या कंपनीकडे नव्हती. असती, तर पहिली मीच घेतली असती. वहिनींना माझा नमस्कार सांगा."

"फोनवर सांगतो."

"फोनवर कशाला?" ते म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळून दुसरीकडे बघू लागले.

मी उठलो. खुर्ची उचलली. गल्लीतल्या खिडक्या पुन्हा भरल्या. डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी केली, पण इंजिन सुरू करायला त्यांचा हात धजेना.

"नक्की ना?" ते म्हणाले.

"या."

ते इतक्या हळू आत आले, की जणू जागेला भूल द्यायची राहिली होती. गाडी भिंतीला समांतर लागली. सावली तिच्यावर अंथरूण घालावं तशी पडली. खाली उतरून त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि रोग्यांना आयुष्यभर सांगत आले तेच मला सांगितलं, "दुखणार नाही."

दुखलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये बसल्यावर, जीभ जशी पडलेल्या दाताच्या खाचेत पुन्हा पुन्हा जाते, तसं माझं मन दोन-चारदा तिकडे गेलं. पहिली बस तासभर थांबून सुटली. दुसरीत बसायला मिळालं नाही. तिसरीनं पायथ्याशी सोडलं आणि तिथून मी टेकडी चढू लागलो. एकोणीस वळणं मी पायानं मोजली. अकराव्या वळणावर कठडाच नव्हता. खाली नुसती दरी, आणि रस्ता असा अरुंद, की मी पायी असूनही आतल्या बाजूनं चाललो. तिथे थांबून मी जरा दम खाल्ला. याच वळणावरून हिनं थरथरत्या हातांनी गाडी वर नेली होती, मागून कुणी हॉर्न वाजवत असेल, पुढून ट्रक येत असेल, आणि फोनवर मला सांगताना हिनं या वळणाचा उल्लेखही केला नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात मी कुणाशी लग्न केलं आहे, हे मला त्या कठडा नसलेल्या वळणावर कळलं. उशीर झाला, हे मान्य. पण बसनं आलो होतो.

ताईंच्या घरासमोर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आमची गाडी दारात सुरू होती, धुळीनं माखलेली, दोन्ही आरसे बाहेर उघडलेले, उजव्या बाजूला एक लांबलचक नवा ओरखडा. ही स्टिअरिंगवर. शेजारी ताई, मांडीवर पर्स, उजवा कान हिच्याकडे.

हिनं मला पाहिलं. घामानं निथळणारा, धापा टाकणारा मी. हिनं काच खाली केली.

"जागा?"

"गेली."

"कुणी घेतली?"

"दातवाल्यांनी."

"बिचारे. फार वर्षं थांबले होते." मग ओरखड्याकडे माझी नजर गेलेली पाहून, "तो बैलगाडीवाल्याचा. चूक माझी होती, मी त्याला सांगितलंही."

मी ओरखड्यावरून बोट फिरवलं. "चांगला आहे," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं तर तसंच वाटलं होतं. मग वळसा घालून मी पुढचं दार उघडायला हात घातला, सवयीनं, नवरा पुढे बसतो म्हणून. आतून खटका बंद होता. ताईंनी काच दोन बोटं खाली केली.

"मेहुणेबुवा, मागे बसा," त्या म्हणाल्या. "ही जागा माझी आहे. उठले तर दुसरं कुणी बसेल, म्हणून सकाळपासून मी खाली उतरलेले नाही."